मॅक्रो छायाचित्रणातील भिंगजोड

मॅक्रो छायाचित्रणातील भिंगजोड : लहान वस्तूची संवेदकावर किंवा फिल्मवर मूळ आकाराइतकी अथवा त्याहून मोठी प्रतिमा मिळविण्यासाठी कॅमेऱ्याच्या भिंगापुढे दुसरे भिंग जोडण्याची पद्धत. कीटक, फुलांचे परागकोश, बुरशी, खनिजांचे स्फटिक, नाण्यांवरील ठसे, विणलेले कापड, विद्युत् मंडलांचे सूक्ष्म भाग इत्यादींची छायाचित्रे घेण्यासाठी ही पद्धत वापरतात. खास मॅक्रो भिंग न घेता हाताशी असलेल्या दोन भिंगांपासून मोठे वर्धन मिळते, हे तिचे मुख्य आकर्षण होय. तथापि वर्धन मोठे मिळाले म्हणजे तपशील मिळालाच असे नाही. प्रतिमेत कोणता तपशील उतरेल हे मुख्यत्वे पुढील भिंगाची गुणवत्ता, त्याची दिशा आणि त्याचे छिद्र किती उघडे ठेवले आहे यांवर ठरते. ही गोष्ट लक्षात न घेतल्यास वस्तू मोठी दिसते, पण तिच्यावरील जी खूण पाहावयाची असते नेमकी तीच नाहीशी होते.

ऐतिहासिक आढावा : एकापुढे एक भिंगे ठेवून प्रतिमा सुधारण्याची कल्पना छायाचित्रणापेक्षा जुनी आहे. एकेरी भिंगातून निरनिराळ्या रंगांचे किरण निरनिराळ्या अंतरांवर केंद्रित होतात, त्यामुळे प्रतिमेला रंगीत कडा येतात (वर्णविपथन). क्राउन व फ्लिंट या दोन प्रकारच्या काचांची भिंगे एकत्र करून हा दोष कमी करणाऱ्या अवर्णक भिंगाचे एकस्व जॉन डॉलंड यांना १७५८ मध्ये मिळाले. जोसेफ जॅक्सन लिस्टर यांनी १८३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखविले की, दोन अवर्णक भिंगे परस्परांपासून योग्य अंतरावर ठेवल्यास त्यांची विपथने एकमेकांस मारक ठरतात व सूक्ष्मदर्शकाची प्रतिमा पुष्कळच स्पष्ट होते. तोपर्यंत भिंगे एकावर एक रचण्याचे काम बहुतांशी अंदाजाने चाले. लिस्टर यांच्या कार्याने त्याला निश्चित नियम मिळाला. सूक्ष्मदर्शकाने किती बारीक तपशील पाहता येईल यावर प्रकाशाच्या तरंगरूपामुळेच मर्यादा पडते, हे एर्न्स्ट ॲबे यांनी १८७३ मध्ये मांडले. सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या छायाचित्रांहून वेगळी ओळखता यावीत म्हणून दहापटींपेक्षा कमी वर्धनाच्या छायाचित्रांस ‘फोटो-मॅक्रोग्राफ’ म्हणावे, अशी सूचना डब्ल्यू. एच्. वॉम्झली यांनी १८९९ मध्ये केली. ३५ मिमी. कॅमेऱ्यासाठी समीप अंतरापर्यंत सलग केंद्रीकरण करता येणारे ‘मॅक्रो-किलार’ हे भिंग किल्फिट या कंपनीने १९५५ मध्ये बाजारात आणले. भिंगजोडाची पद्धत मात्र अशा खास भिंगांच्या बरोबरीने चालूच राहिली.

तत्त्व : घड्याळजी डोळ्याला भिंग लावून घड्याळाचे बारीक भाग पाहतो, तेव्हा भाग भिंगाच्या केंद्रावर असतात, त्यांच्यापासून निघालेले किरण भिंगातून समांतर होऊन बाहेर पडतात आणि दूरची वस्तू पाहावी तसा निवांत राहिलेला डोळा त्यांची प्रतिमा घेतो. भिंगजोडात डोळ्याच्या जागी कॅमेरा असतो. कॅमेऱ्यावरील मागील भिंग अनंत अंतरावर केंद्रित केलेले असते व पुढील भिंगातून आलेले समांतर किरण ते संवेदकावर एकत्र आणते. अशा मांडणीत वर्धन हे मागील भिंगाचे केंद्रांतर भागिले पुढील भिंगाचे केंद्रांतर इतके असते. उदा., २०० मिमी. केंद्रांतराच्या भिंगापुढे ५० मिमी. केंद्रांतराचे भिंग जोडल्यास वर्धन ४ येते. १०० मिमी. व ५० मिमी. या जोडीने ते २ येते, तर १३५ मिमी. व २८ मिमी. या जोडीने सु. ४·८ येते. ३६ मिमी. रुंदीच्या संवेदकावर चौपट वर्धनाने वस्तूचा ९ मिमी. रुंदीचा भाग मावतो. मिलिमीटरच्या खुणा असलेल्या पोलादी पट्टीचे छायाचित्र घेऊन प्रत्यक्ष वर्धन सहज तपासता येते.

समीपभिंगे : भिंगजोडाचा सर्वांत साधा प्रकार म्हणजे गाळणीप्रमाणे (फिल्टरप्रमाणे) भिंगावर बसविण्याचे समीपभिंग होय. त्याची शक्ती डायॉप्टरमध्ये सांगतात व १ मी. भागिले डायॉप्टर हे त्याचे केंद्रांतर असते; म्हणजे +४ डायॉप्टर भिंगाचे केंद्रांतर २५ सेंमी. असते. मुख्य भिंग अनंतावर केंद्रित असता वस्तूही तितक्याच अंतरावर ठेवावी लागते. २०० मिमी. भिंगावर +४ चे समीपभिंग बसविल्यास वरील नियमानेच वर्धन ०·८ येते. दोन समीपभिंगे एकावर एक बसविल्यास त्यांच्या शक्तींची साधारणपणे बेरीज होते (+२ व +४ मिळून +६). अशा वेळी अधिक शक्तीचे भिंग कॅमेऱ्याच्या बाजूस ठेवतात.

एकाच काचेची स्वस्त समीपभिंगे एकावर एक रचण्याने वर्धनाबरोबर दोषही वाढतात. काचेच्या कडेकडून गेलेले व मध्यातून गेलेले किरण एका बिंदूत मिळत नाहीत (गोलीय विपथन), रंगीत कडा उमटतात आणि प्रत्येक पृष्ठभागावर होणाऱ्या परावर्तनाने प्रतिमेतील छायाभेद फिका पडतो. म्हणून दोन किंवा तीन एकेरी काचा रचण्यापेक्षा दोन घटकांचे एकच अवर्णक समीपभिंग वापरणे हितावह असते. कॅननची २५०डी (+४) व ५००डी (+२) तसेच निकॉनची ५टी (+१·५) व ६टी (+२·९) ही अशा द्विघटक भिंगांची परिचित उदाहरणे आहेत. काचांची संख्या वाढविण्यापेक्षा त्यांची जात सुधारणे हा समीपभिंगांच्या बाबतीत पहिला नियम होय.

उलटे पुढील भिंग : १ पेक्षा अधिक वर्धनासाठी पुढे कॅमेऱ्याचेच दुसरे भिंग, पण उलटे करून, जोडतात. त्यासाठी दोन्ही बाजूंस बाहेरून आटे असलेले कडे मिळते. त्याची एक बाजू मागील भिंगाच्या गाळणीच्या आट्यांत व दुसरी बाजू पुढील भिंगाच्या गाळणीच्या आट्यांत फिरविली की दोन भिंगांची तोंडे समोरासमोर येतात.

भिंग उलटे करण्यामागे भक्कम कारण आहे. कॅमेऱ्याचे सामान्य भिंग हे दूरच्या वस्तूपासून आलेले जवळजवळ समांतर किरण घेऊन जवळच्या फिल्मवर लहान, सपाट व स्पष्ट प्रतिमा पाडण्यासाठी आखलेले असते. विपथनांचे सर्व निराकरण त्याच मांडणीसाठी केलेले असते. ते उलटे केले म्हणजे फिल्मच्या जागी वस्तू येते व समांतर किरणांची बाजू मागील भिंगाकडे येते. प्रकाशाचा मार्ग उलटला तरी मांडणी तीच राहते. त्यामुळे केलेले निराकरण वाया जात नाही. मागील भिंगही अनंतावर केंद्रित असल्याने आपल्या मूळ मांडणीतच काम करते. दोन्ही भिंगे अनंतावर ठेवावीत व केंद्रीकरण वलये फिरवून न करता संपूर्ण कॅमेरा सरकपट्टीवरून मागेपुढे नेऊन करावे, या नियमाचे कारण हेच होय.

दुसरा लाभ क्षेत्राच्या आकाराचा आहे. ३५ मिमी. कॅमेऱ्याचे भिंग सु. ४३ मिमी. कर्णाच्या चौकटीवर प्रतिमा पाडण्यासाठी बनविलेले असते. चौपट वर्धनाच्या भिंगजोडात त्यातील सु. ११ मिमी. कर्णाचा मधला भागच उपयोगात येतो आणि बहुतेक भिंगांचा मध्यभाग कडांपेक्षा अधिक चांगला असतो. मात्र याच भागाची प्रतिमा चौपट ताणली जात असल्याने पुढील भिंगाचा प्रत्येक दोषही चौपट मोठा दिसतो. म्हणून उत्तम भिंग पुढे ठेवावे व मागील भिंगाच्या बाबतीत थोडी तडजोड स्वीकारावी.

कार्यांतर : उलट्या भिंगाच्या टोकापासून वस्तू किती दूर राहील हे त्या भिंगाच्या केंद्रांतरापेक्षा, ते ज्या कॅमेऱ्यासाठी बनविले त्याच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतच्या अंतरावर अवलंबून असते, कारण वस्तू आता फिल्मच्या जागी असते. निकॉनच्या एफ बैठकीसाठी हे अंतर ४६·५ मिमी., पेंटॅक्सच्या के बैठकीसाठी ४५·४६ मिमी. व कॅननच्या ईएफ बैठकीसाठी ४४ मिमी. आहे. म्हणून आरशाच्या कॅमेऱ्याची ५० मिमी. व २८ मिमी. ही दोन्ही भिंगे वस्तूपासून साधारण ४·५ सेंमी. अंतरावर ठेवावी लागतात. बिनआरशाच्या कॅमेऱ्यांत हे अंतर फार कमी असते (उदा., सोनीच्या ई बैठकीत १८ मिमी.), त्यामुळे त्यांची भिंगे उलटी केल्यास वस्तू काचेस टेकण्याइतकी जवळ येते व तिच्यावर प्रकाश पाडणे कठीण होते. शिवाय आधुनिक विद्युत्-नियंत्रित भिंग कॅमेऱ्यापासून सुटे केल्यावर त्याचे छिद्र हाताने बदलता येत नाही. छिद्रासाठी वलय असलेले जुने भिंग या कामी अधिक सोयीचे ठरते.

छिद्र, विवर्तन व क्षेत्रखोली : प्रतिमेच्या गुणवत्तेचा मुख्य प्रश्न येथे उद्‌भवतो. छिद्र लहान केल्यास क्षेत्रखोली (एकाच वेळी स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली) वाढते, परंतु प्रकाश छिद्राच्या कडांशी पसरून (विवर्तन पावून) प्रत्येक बिंदूची प्रतिमा तबकडीसारखी रुंद होते. भिंगजोडाचा परिणामी एफ-अंक हा पुढील भिंगाचा एफ-अंक गुणिले वर्धन इतका असतो. चौपट वर्धनात पुढील भिंग एफ/४ वर ठेवले, तर संवेदकापाशी ते एफ/१६ प्रमाणे वागते. प्रकाशही त्याच प्रमाणात कमी, म्हणजे सोळाव्या हिश्शाइतका, पोहोचतो. हिरव्या प्रकाशासाठी (तरंगलांबी ०·५५ मायक्रोमीटर) आणि चौपट वर्धनासाठी काढलेली मूल्ये पुढील कोष्टकात दिली आहेत. विभेदन म्हणजे वस्तूवरील जे दोन बिंदू जेमतेम वेगळे ओळखता येतात त्यांतील अंतर. क्षेत्रखोली काढताना संवेदकावरील ०·०३ मिमी. व्यासाचा ठिपका बिंदूसारखा मानला आहे.

| पुढील भिंगाचा एफ-अंक | परिणामी एफ-अंक | वस्तूवरील विभेदन (मायक्रोमीटर) | क्षेत्रखोली (मिमी.) |
|---|---|---|---|
| २·८ | ११ | १·९ | ०·०४ |
| ४ | १६ | २·७ | ०·०६ |
| ५·६ | २२ | ३·८ | ०·०८ |
| ८ | ३२ | ५·४ | ०·१२ |
| ११ | ४४ | ७·४ | ०·१७ |
| १६ | ६४ | १०·७ | ०·२४ |
| २२ | ८८ | १४·८ | ०·३३ |

कोष्टकातील विभेदनाच्या रकान्यात वर्धनाचा संबंध येत नाही. ते केवळ पुढील भिंगाचा एफ-अंक व तरंगलांबी यांवर ठरते. मागील भिंग २०० मिमी. ऐवजी ३०० मिमी. घेतल्याने वस्तू अधिक मोठी दिसेल, पण नवा तपशील दिसेलच असे नाही. संवेदकातील चित्रबिंदूंची संख्या वाढविण्यालाही अशीच मर्यादा आहे. परिणामी एफ/१६ वर विवर्तनाची तबकडी संवेदकावर सु. २१ मायक्रोमीटर व्यासाची असते, ३६ मिमी. रुंदीत ६,००० चित्रबिंदू असणाऱ्या संवेदकाचा प्रत्येक चित्रबिंदू ६ मायक्रोमीटरचा असल्याने ती तीन-चार चित्रबिंदू व्यापते.

परिणामी एफ/२२ च्या सुमारास विवर्तनाची तबकडी ०·०३ मिमी. होते, म्हणजे क्षेत्रखोलीसाठी गृहीत धरलेल्या ठिपक्याइतकी होते. त्यापुढे छिद्र लहान करीत गेल्यास कोष्टकातील क्षेत्रखोलीचे आकडे वाढतात, परंतु ते फसवे असतात. कारण जो भाग अचूक केंद्रित आहे तोसुद्धा त्या कसोटीस उतरत नाही. छायाचित्र सर्वत्र सारखेच दिसते, पण ते सर्वत्र सारखेच पुसट असते. दुसऱ्या टोकास, पुढील भिंगाचे छिद्र पूर्ण उघडल्यास विवर्तन कमी होते, पण विपथने वाढतात. एफ/२·८ साठी दिलेले १·९ मायक्रोमीटर विभेदन सामान्य भिंगांकडून क्वचितच मिळते. म्हणून चौपट वर्धनाच्या आसपास पुढील भिंग एफ/४ ते एफ/५·६ या दरम्यान ठेवणे बहुधा सर्वांत लाभदायक ठरते. नेमके मूल्य प्रत्येक जोडीसाठी प्रयोगानेच निश्चित करावे लागते.

प्रत्यक्ष उदाहरण : पिकलेल्या केळ्यांभोवती दिसणारी ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर ही सु. ३ मिमी. लांबीची माशी या विचाराची चांगली कसोटी आहे. तिचा प्रत्येक संयुक्त डोळा सु. ७५० नेत्रकांचा बनलेला असून एका नेत्रकाची रुंदी सु. १६ मायक्रोमीटर असते. २०० मिमी. व ५० मिमी. भिंगांच्या जोडाने पुढील छिद्र एफ/४ वर ठेवून छायाचित्र घेतल्यास नेत्रकांच्या रांगा व त्यांची षट्‌कोनी बाह्यरेषा स्पष्ट उमटतात. परंतु क्षेत्रखोली केवळ ०·०६ मिमी. असल्याने फुगीर डोळ्याचा एक लहानसा पट्टाच स्पष्ट येतो. संपूर्ण डोळा एकाच छायाचित्रात आणण्यासाठी छिद्र एफ/२२ केले, तर विभेदन सु. १५ मायक्रोमीटरवर, म्हणजे नेत्रकाच्या रुंदीजवळ येते. नेत्रके ओळखू येण्याच्या सीमेवर जातात, त्यांच्यामधील बारीक केस नाहीसे होतात आणि डोळा गुळगुळीत लाल मण्यासारखा दिसू लागतो. असे छायाचित्र पाहणाऱ्यास काही हरवले आहे याची शंकाही येत नाही. ज्या अभ्यासात नेत्रकांची रचना हाच पुरावा असतो, तेथे हा दोष केवळ सौंदर्याचा न राहता चुकीच्या निष्कर्षाचे कारण होऊ शकतो.

या पेचातून सुटण्याचा मार्ग म्हणजे छिद्र उघडे ठेवून केंद्रीकरणाचे प्रतल थोडेथोडे सरकवीत अनेक छायाचित्रे घेणे व त्यांतील स्पष्ट भाग संगणकाच्या साहाय्याने एकत्र करणे. प्रत्येक पाऊल क्षेत्रखोलीपेक्षा लहान असावे लागते. ०·०६ मिमी. क्षेत्रखोलीसाठी ०·०४ मिमी. चे पाऊल घेतल्यास २ मिमी. खोलीची वस्तू व्यापण्यास सु. ५० छायाचित्रे लागतात. ही पद्धत स्थिर वस्तूंसाठीच योग्य होय. एकमेकांवरून जाणारे केस व मिशा यांच्याभोवती जुळणीत खोट्या कडा किंवा प्रभा उमटू शकतात. त्यामुळे शंकास्पद तपशील मूळ छायाचित्रांशी ताडून पाहणे आवश्यक असते.

जोडणीतील दक्षता : (१) मागील भिंगाचे छिद्र पूर्ण उघडे ठेवून पुढील भिंगाचे छिद्र कमी करणे सामान्यतः योग्य असते. पुढील भिंगातून निघणारे समांतर किरणझोत चौकटीच्या कोपऱ्यांसाठी तिरपे जातात. मागील छिद्र लहान केल्यास हे झोत पुढील भिंगाच्या कडेने जाणाऱ्या किरणांतून निवडले जातात किंवा अडविले जातात व कोपरे काळवंडतात. (२) याच कारणास्तव दोन भिंगांतील अंतर कमीत कमी असावे आणि मागील भिंगाचे केंद्रांतर साधारणपणे १०० ते २०० मिमी. असावे. ७० मिमी. भिंगामागे झोत अधिक तिरपे असल्याने चौकटीच्या कडा काळ्या पडतात. (३) दोन्ही भिंगांचे अक्ष एका रेषेत असावे लागतात. कडे वाकडे बसल्यास प्रतिमेची एक बाजू पुसट होते. पुढील भिंग जड असल्यास त्याचा भार मागील भिंगाच्या सरकत्या नळीवर व तिच्या मोटारीवर पडतो, म्हणून त्याला खालून आधार द्यावा. (४) उलट्या भिंगाची मागील काच उघडी पडते. तिच्यावर आडवा प्रकाश पडून प्रतिमा फिकी होऊ नये, तसेच तिला ओरखडे जाऊ नयेत, म्हणून लहान काळी नळी बसवावी. (५) वर्धनाबरोबर कंपनेही तितकीच वाढतात. कॅमेरा व वस्तू एकाच भक्कम पायावर ठेवणे आणि अल्पशक्तीवर चालविलेल्या, त्यामुळे अत्यल्प काळ टिकणाऱ्या विद्युत् झोताने (फ्लॅशने) प्रकाशित करणे हे त्यावरील उपाय होत. हा प्रकाश ट्रेसिंग कागदासारख्या माध्यमातून पसरवून घेतल्यास चकचकीत कवचावरील पांढरे डाग कमी होतात व पृष्ठभागाची ठेवण दिसते.

नवी जोडी वापरात घेण्यापूर्वी सूक्ष्मदर्शकाची मापनपट्टी किंवा काचेच्या दोन पट्ट्यांत सपाट दाबलेला माशीचा पंख यांचे प्रत्येक एफ-अंकावर एकेक छायाचित्र घ्यावे. मध्यभागी रंगीत कडा नसणे, कोपऱ्यांत सारखीच स्पष्टता असणे व चौकट सर्वत्र सारखी उजळ असणे या तीन गोष्टी तपासल्या म्हणजे त्या जोडीचे योग्य छिद्र ठरविता येते.

मर्यादा व पर्याय : सु. ५ पटींपर्यंत भिंगजोड समाधानकारक काम देतो. त्यापुढे उलट्या कॅमेरा-भिंगाऐवजी अनंतासाठी शोधित केलेले सूक्ष्मदर्शकाचे वस्तुभिंग पुढे लावणे अधिक चांगले. निकॉन, लायका व मिटुटोयो यांची अशी वस्तुभिंगे २०० मिमी. केंद्रांतराच्या नलिकाभिंगासाठी आखलेली असल्याने २०० मिमी. च्या कॅमेरा-भिंगापुढे ती आपले अंकित वर्धन देतात. तत्त्व तेच असते, फक्त पुढील भिंग जवळच्या वस्तूसाठीच बनविलेले असते. १० पट वर्धनाच्या ०·२५ संख्यात्मक छिद्राच्या वस्तुभिंगाचे विभेदन सु. १·३ मायक्रोमीटर, म्हणजे एफ/४ वरील उलट्या भिंगाच्या निम्म्याइतके असते. मात्र त्याची क्षेत्रखोलीही तितकीच अपुरी असते. ०·५ ते १ पट वर्धनासाठी, विशेषतः हलत्या कीटकांसाठी, अवर्णक समीपभिंग किंवा मॅक्रो भिंग अधिक सोयीचे होय. भिंगजोडाचे ४·५ सेंमी. कार्यांतर जिवंत कीटकास पळवून लावण्यास पुरेसे असते.

अल्प खर्चात होणाऱ्या या पद्धतीमुळे शाळा-महाविद्यालये व हौशी निसर्ग-अभ्यासक यांनाही कीटक, वनस्पती व खनिजे यांच्या उपयुक्त नोंदी करता येतात. अशा नोंदीसोबत वर्धन, दोन्ही भिंगांची केंद्रांतरे, पुढील भिंगाचा एफ-अंक, एकत्र केलेल्या छायाचित्रांची संख्या आणि चित्रातच मोजपट्टी देणे आवश्यक असते. त्यावरून छायाचित्रात जे दिसत नाही ते वस्तूत नव्हते, की भिंगाच्या विभेदनापलीकडचे होते, याचा निर्णय पुढील अभ्यासकास करता येतो.